भाईचा बेसबॉलचा मोसम

बेसबॉलचे सगळे नियम मला पाठ आहेत आणि तो खेळ मला बघवत नाही. टीव्हीवर चुकून एखादा अमेरिकेतला सामना लागला की मी उठून टीव्ही बंद करतो. घरातल्यांना वाटतं, म्हाताऱ्याला कळत नाही म्हणून चिडतो. रत्नागिरीच्या खाडीकाठच्या माणसाला बेसबॉल कळायचं काही कारणही नाही. एक अख्खा मोसम मी या खेळाचं स्कोअरबुक लिहिलंय हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही. ते बुक माझ्या ट्रंकेच्या तळाशी अजून आहे. अक्षर फार सुरेख आहे आणि एकाही पानावर खाडाखोड नाही.

कुवेत शहराभोवतीची जुनी मातीची भिंत पाडायला घेतली, त्या वर्षीची ही गोष्ट. मी एका अमेरिकन कंपनीच्या पाइप यार्डात टायपिस्ट होतो. माझा सख्खा थोरला भाऊ, भाई, त्याच यार्डात हेल्पर होता. मी आधी आलो आणि दीड वर्षानं साहेबाच्या हातापाया पडून त्याला बोलावून घेतलं. यायच्या आधी त्यानं घरचा शिडाचा मचवा विकला. बापाच्या मागे त्या मचव्यावरच घर चाललं होतं आणि तो चालवत होता भाई. मी पत्रात लिहिलं होतं, आता लाकडी मचव्यात काही राहिलं नाही, विकून टाक आणि ये. त्यानं एका शब्दानं उलट विचारलं नाही.

आम्ही कुवेत शहरातल्या मिरकाब वस्तीत एका इराणी बेकरीच्या मागच्या खोलीत राहायचो, आम्ही दोघं आणि गावचीच आणखी चार माणसं. सकाळी कंपनीचा ट्रक यायचा. भाई मागे लोखंडी कठडा धरून उभा राहायचा आणि मी ड्रायव्हरशेजारी बसायचो, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. भाईला त्याचं काहीच वाटत नसे. उलट कुणी नवा माणूस भेटला की मला पुढे ढकलून सांगायचा, हा माझा भाऊ, साहेबाशी इंग्रजीत बोलतो. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. यार्डात मी त्याच्याशी हिंदीत बोलायला लागलो होतो. सगळ्यांशी हिंदीतच बोलतो, मग त्याच्याशी वेगळं कशाला, असं मी स्वतःला समजावलं होतं. खरं कारण हे की आमची घरची बोली ऑफिसच्या दारात तोंडातून काढायची मला लाज वाटायची. आज हे लिहायला सोपं जातंय. तेव्हा कबूल केलं नसतं.

लहानपणी आम्ही दोघं पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, क्रिकेट खेळायचो. माडाच्या झावळीच्या देठाची बॅट आणि रबरी चेंडू. आम्ही एकत्र बॅटिंगला असलो की धाव घ्यायची की नाही ते मी सांगायचो. 'ये' म्हटलं की भाई मागेपुढे न बघता पळायचा आणि 'नको' म्हटलं की खांबासारखा उभा राहायचा. त्याची नजर माझ्यापेक्षा चांगली होती, पाण्यावरच्या माणसाची नजर ती. पण मी सात-आठ वर्षांचा असताना एकदा रुसून बसलो होतो की मला कुणी काही विचारतच नाही. तेव्हा भाईनं हे काम मला दिलं. नंतर आम्ही मोठे झालो, मला मिशा आल्या, तरी ते काम माझ्याकडेच राहिलं. चेंडू मारला की तो चेंडूकडे बघतसुद्धा नसे, सरळ माझ्याकडे बघायचा.

यार्डाचा सुपरिंटेंडंट साठीला टेकलेला अमेरिकन होता. उंच, वाकलेला, उजव्या हाताचं मधलं बोट तिरपं झालेलं. सगळे त्याला बुढ्ढा साहेब म्हणायचे. एकदा दुपारच्या सुट्टीत भाई रिकाम्या ड्रमावर दगड मारत बसला होता. ड्रम आडवा पडला होता आणि त्याच्या तोंडाला वाटीएवढं भोक होतं. भाई वीस-पंचवीस पावलांवरून एकेक दगड त्या भोकात घालत होता, अगदी सहज. बुढ्ढा साहेब ऑफिसच्या पायरीवर सिगारेट ओढत होता. त्याची सिगारेट तशीच जळून गेली. मग त्यानं मला हाक मारली आणि विचारलं, हा माणूस कोण. मी म्हटलं, हेल्पर आहे. तो माझा भाऊ आहे हे साहेबाला दुसऱ्या कुणाकडून तरी कळलं.

कुवेतात तेव्हा तेलकंपन्यांच्या अमेरिकन लोकांचे चार बेसबॉल संघ होते. त्यांच्या देशात हा खेळ उन्हाळ्यात खेळतात. इथल्या उन्हाळ्यात माणूस सावलीतही उभा राहू शकत नाही, म्हणून इथला मोसम नोव्हेंबर ते मार्च. शुक्रवारी दुपारी सामने, मोसमात पहिल्या येणाऱ्या संघाला कप. आमच्या यार्डाचा संघ दरवर्षी शेवटून पहिला, आणि बुढ्ढ्या साहेबाला त्याचा भारी राग. संघ जमवायलाच त्याच्या नाकी नऊ यायचे, कारण आमच्याकडे गोरे मोजून अकरा-बारा, त्यातले दोन सुट्टीवर. कंपनीच्या कुठल्याही माणसाला खेळवता येईल असा नियम होता. तो नियम करताना कुणाच्या डोळ्यांपुढे हेल्पर नसणार.

साहेबानं भाईच्या हाताला चामड्याचा पंजा चढवला, चेंडू दिला आणि मला दुभाष्या केलं. मी एकेक गोष्ट क्रिकेटच्या भाषेत सांगत गेलो. मधल्या उंचवट्यावरून चेंडू फेकायचा, टप्पा पडू द्यायचा नाही. समोरच्यानं तीन चेंडू हुकवले की तो बाद. चार कोपरे आहेत, चौथा कोपरा म्हणजे घर. एकेक कोपरा घेत घरी आलं की एक धाव. तिघे बाद झाले की डाव पालटला. चेंडू बॅटीला लागून मैदानात गेला की बॅट टाकून पळायचं, उभं राहायची सोय नाही, चेंडू आपल्याआधी पहिल्या कोपऱ्यावर पोचला की बाद. हे मी त्याला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. एकदा सांगितलं होतं, वीस गोष्टींमध्ये एक गोष्ट म्हणून.

पुढे त्याची गरजच पडली नाही. भाईला बॅटिंग येत नव्हती असं नाही, पण साहेबाला त्याचा हात जपायचा होता. त्यानं मला सांगितलं, याला म्हणावं बॅट खांद्यावर ठेवून नुसता उभा राहा, तीन चेंडू जाऊ दे आणि परत ये. भाईनं तसंच केलं. पूर्ण मोसमभर तो नुसता उभा राहिला आणि परत आला.

पण फेकण्यात त्यानं कमाल केली. पहिल्या सामन्यात अहमदी या तेलाच्या गावाच्या संघाचे लोक त्याच्या खाकी अर्ध्या चड्डीकडे आणि अनवाणी पायांकडे बघून हसत होते. दोन तासांनी हसणं बंद झालं. त्याच्या हातून चेंडू सुटला की दिसायचा नाही, नुसता मागे उभ्या गड्याच्या पंज्यात फट्ट असा आवाज यायचा. आमचं मैदान म्हणजे कच्चं तेल शिंपडून घट्ट केलेली वाळू. सामना संपेपर्यंत चेंडू काळाकुट्ट व्हायचा आणि भाईचे तळवेही. साहेबानं त्याला स्वतःच्या पायातले बूट दिले. ते दोन नंबर मोठे होते, पुढे कापूस कोंबून भाई ते घालायचा.

मला स्कोअरबुक मिळालं ते अक्षरामुळे. साहेब म्हणाला, स्कोअर लिहिणारा न्यायाधीश असतो, तो ओरडत नाही, टाळ्या वाजवत नाही, कुणाच्या बाजूचा नसतो. मला हे फार आवडलं. गोऱ्यांच्या बाकावर, त्यांच्या शेजारी, मी पेन्सिल घेऊन गंभीर चेहऱ्यानं बसायचो. डिसेंबरात कुणीतरी फोटो काढला त्यात मी मधोमध आहे आणि भाई कडेला, अर्धा कापला गेलेला.

डिसेंबरअखेर आम्ही सलग पाच सामने जिंकलो आणि त्याच सुमारास यार्डात कळलं की पाइपलाइनचं काम मार्चअखेर संपणार. निम्मे हेल्पर परत पाठवणार हे कुणी सांगायची गरज नव्हती. भाईची बायको आणि लहान मुलगी गावी होती आणि मचवा गेलेला. परत जाऊन तो दुसऱ्याच्या मचव्यावर खलाशी म्हणून राहणार, म्हणजे ज्या लोकांवर कालपर्यंत त्यानं हुकूम चालवला त्यांच्या हाताखाली. मी धीर करून साहेबाकडे गेलो. तो म्हणाला, कप आण, तुझ्या भावाचं नाव कायम माणसांच्या यादीत घालायला मी वरच्या साहेबाला सांगतो. कप नाही आला तर माझ्या शब्दाला वजन नाही. हे त्यानं सरळ सांगितलं, यात त्याला मी दोष देत नाही.

खोलीवर येऊन मी भाईला सांगितलं. तो म्हणाला, म्हणजे आता दगड मारायची नोकरी. सगळे हसले. तोही हसला.

जानेवारीत त्याचं कोपर सुजलं. आधी सामन्यानंतर दुखायचं, मग शनिवारभर, मग पुढच्या गुरुवारपर्यंत. संध्याकाळी मगरीबच्या नमाजानंतर मी खोबरेल तेल गरम करून त्याचा हात चोळायचो. कोपराच्या आतल्या बाजूला बोट लावलं तरी तो ओठ चावायचा. एकदा खोलीतल्या एकानं त्याला डॉक्टरकडे चल म्हटलं तर भाई म्हणाला, डॉक्टर बघेल आणि कागदावर लिहील, तो कागद यार्डात जाईल. त्यात खोटं काय होतं? नमाजाआधी वजूला, हातपाय धुवायला, तांब्या उचलताना तो डावा हात वापरायला लागला होता. मी बघायचो आणि न बघितल्यासारखं करायचो. मलाही कप हवा होता. त्याच्या नोकरीसाठी हवा होता हे खरं, पण त्या बाकावर बसायची मला चटक लागली होती हेही तितकंच खरं.

साहेबानं भाईचं दुखणं ओळखलं होतं. एका संध्याकाळी स्कोअरबुक तपासायला त्यानं मला थांबवून घेतलं आणि मधेच आपली गोष्ट सुरू केली. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरायच्या आधी, एकोणीस वर्षांचा असताना, तो एक वर्ष पगारी बेसबॉल खेळला होता. एका लहानशा गावाचा संघ. आज या गावात, उद्या त्या गावात, प्रवास आगगाडीच्या लाकडी बाकांवर. भर उन्हाळ्यात लोकरीचे कपडे, एका पलंगावर दोघांनी झोपायचं, रविवारी दोन-दोन सामने. तोही चेंडू फेकायचा. त्या वर्षी लोक रस्त्यात त्याला ओळखायचे, न्हावी त्याची दाढी फुकट करायचा. जूनमध्ये कोपरात काहीतरी तुटलं. त्यानं कुणाला सांगितलं नाही. ऑगस्टमध्ये चेंडू जाईनासा झाला तेव्हा मॅनेजरनं स्टेशनवरच त्याच्या हातात घरचं तिकीट दिलं आणि संघ पुढच्या गाडीनं निघून गेला. तो म्हणाला, माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं वर्ष. मला त्या म्हाताऱ्याची कीव आली आणि चीडही आली.

मग त्यानं विचारलं, तुझ्या भावाचं कोपर दुखतं का? मी म्हटलं, त्याला विचारतो. बाहेर ट्रकजवळ भाई उभा होता. त्याला विचारलं तर तो माझ्या खांद्यावरून ऑफिसच्या खिडकीकडे बघत म्हणाला,

"सांग, नाय दुखत."

मी आत जाऊन तसं सांगितलं. साहेबानं मान हलवली. ते खोटं आहे हे त्याला माहीत होतं आणि त्याला माहीत आहे हे मला कळलं होतं. तरी पुढच्या शुक्रवारी त्यानं भाईलाच उभं केलं आणि मी पेन्सिलीला टोक काढून माझ्या जागेवर बसलो.

शेवटचा सामना रमजान लागायच्या आधीच्या शुक्रवारी होता, अहमदीच्या संघाशी. जुम्म्याची नमाज पढून आम्ही ट्रकनं गेलो. सकाळपासून वारा सुटला होता आणि वाळू उडत होती. खोलीतले चौघेही बघायला आले होते, एकानं भाईसाठी खजूर आणले होते. कप एका टेबलावर मांडून ठेवला होता, पितळेचा, फारसा मोठा नव्हता. आमचे बरोबर नऊ गडी होते. दहावा म्हणून जो होता त्याचा पाय प्लास्टरमध्ये.

भाई त्या दिवशी कसा खेळला हे स्कोअरबुकात आहे, पण ते वाचून काही समजत नाही. त्याच्या फेकीतला वेग गेला होता. आता तो नजरेवर खेळत होता, चेंडू कधी गुडघ्याशी, कधी छातीशी, समोरच्याला नको तिथे घालत होता. प्रत्येक फेकीनंतर तो उजवा हात मांडीवर दाबून धरायचा. सहाव्या डावानंतर बाकावर येऊन बसला तेव्हा त्यानं उजवा हात चामडी पंज्याखाली लपवला. माझ्यापासून दोन हातांवर बसला होता. मी पानावर रेघ मारत होतो.

नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात आम्ही एका धावेनं मागे होतो. आमचे दोघे बाद झाले होते. एक गडी दुसऱ्या कोपऱ्यावर आणि एक तिसऱ्या कोपऱ्यावर उभा, घरापासून एकच टप्पा लांब. आणि बॅटिंगची पाळी भाईची. बदली द्यायला माणूस नव्हता. साहेब माझ्याजवळ आला आणि म्हणाला, त्याला सांग, आज नुसतं उभं राहायचं नाही, आज मार.

मी उठून भाईजवळ गेलो. सगळा बाक ऐकत होता. मी म्हटलं,

"साहब बोलता है, आज मारने का."

सख्ख्या भावाला, हिंदीत. भाईनं मान डोलावली. त्याच्या कपाळावर वाळू आणि घाम यांचा थर होता. 'आणि मारलास की पळ,' हे शब्द माझ्या मनातसुद्धा आले नाहीत. मी परत येऊन बसलो.

पहिला चेंडू त्यानं जाऊ दिला, सवयीनं. दुसरा हुकला. तिसऱ्याला त्यानं बॅट घातली आणि चेंडू लागला. जोरात नाही. डाव्या हाताच्या रेघेच्या कडेकडेनं, काळ्या वाळूवरून, चेंडू संथ घरंगळत निघाला. तिथला त्यांचा गडी खूप मागे उभा होता. त्याला पुढे धावत यायचं, वाकून उचलायचं आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला फेकायचं होतं. भाईच्या पायांना पहिला कोपरा गाठायला तेवढा वेळ भरपूर होता. यार्डात त्याच्याइतका पळणारा माणूस नव्हता.

भाई पळाला नाही. त्यानं बॅट जमिनीला टेकवली, मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं.

सगळा बाक उठून इंग्रजीत ओरडत होता. हात हलवत होते, शिव्या देत होते. त्या गोंगाटातलं त्याला काही ऐकू जात नव्हतं, कारण तो ते ऐकतच नव्हता. पुळणीवर वीस वर्षं जे केलं तेच तो करत होता. मी 'ये' म्हणायची वाट बघत होता. आणि मला कळलं होतं. नंतर कळलं असं नाही, त्याच क्षणी कळलं होतं. एकच शब्द, दोन अक्षरंसुद्धा नाहीत. माझ्या हातात पेन्सिल होती, दोन्ही बाजूंना गोरे होते आणि माझ्या तोंडाला कुलूप बसलं. साहेबानं सांगितलं होतं, स्कोअर लिहिणारा ओरडत नाही. पुढे अनेक वर्षं मी हेच कारण स्वतःला देत आलो. ते कारण नव्हतं. मला आमच्या बोलीत, त्या लोकांमध्ये, गावच्या पुळणीवरच्यासारखी बोंब मारायची लाज वाटली.

फार तर दोन सेकंद गेले असतील. मग भाईला उमजलं आणि तो पळाला, हातात बॅट घेऊनच पळाला. कोपऱ्यापासून एक पाऊल कमी पडलं, चेंडू आधी पोचला आणि आमचा तिसरा बाद झाला. सामना संपला. मी त्याच्या रकान्यात नियमाप्रमाणे आकडे लिहिले, चेंडू कुणी उचलला आणि कुणी झेलला त्यांचे. त्या पद्धतीत धावायला उशीर झाला याची वेगळी खूण नसते. आणखीही कुणाच्या चुकीची नसते.

परतताना ट्रकमध्ये खोलीतले सगळे समजूत घालत होते. तो पोचला असता तरी बरोबरीच झाली असती, पुढे काय झालं असतं कुणाला माहीत, हात तर गेलाच होता. हे सगळं बरोबर आहे. मीही हिशोब अनेकदा करून बघितला आहे आणि दरवेळी तो त्या दोन सेकंदांपाशी येऊन थांबतो. भाईनं खजूर सगळ्यांना वाटले.

रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात बुढ्ढ्या साहेबानं माझ्या टेबलावर एक कागद ठेवला, परत पाठवायच्या माणसांची यादी, टाइप करायला. तो माझ्याकडे न बघता बाहेर निघून गेला. एकोणीस नावं होती, भाईचं अकरावं. मी तीन प्रती काढल्या. नावाच्या स्पेलिंगमध्ये साहेबानं चूक केली होती, ती मी दुरुस्त केली. का केली, सांगता येत नाही. हात त्या कामाला सरावले होते.

भाई ईदच्या चार दिवस आधी निघाला. साहेबानं त्याला तो चामडी पंजा भेट दिला. भाईनं दोन्ही हातांनी घेतला, उजवा नीट सरळ होत नव्हता. धक्क्यावरून लाँचनं खोल पाण्यातल्या बोटीपर्यंत जायचं होतं. ट्रंक मी उचलली, तो उचलू शकत नव्हता. लाँच सुटायला वेळ होता म्हणून आम्ही खारट वाऱ्यात उभे राहिलो. मी त्याला पुढच्या वर्षी परत बोलावून घेईन वगैरे बोलत होतो, आणि बोलत होतो आमच्याच बोलीत, घरच्या भाषेत, भरभरून, कारण तिथे ऐकणारं कुणी नव्हतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग अगदी सावकाश, भांडणाचा सूर नसलेल्या आवाजात त्यानं विचारलं,

"बाबू, तू हाक का नाय दिलीस?"

मी म्हटलं, मला वाटलं तुला दिसतंय. तो म्हणाला, बरं. आणि लाँचमध्ये उतरला.

दोन वर्षांनी मी रजेवर गावी गेलो. भाईचा हात कोपरात वाकलेला तसाच राहिला होता. शीड ओढायला त्याचा उपयोग नाही म्हणून कुणी खलाशी ठेवेना. एका मचव्यावर तो जेवण रांधायला जायचा. वहिनी माझ्याशी चांगलं बोलली, तिनं माझ्यासाठी घावन केले. पंजा खुंटीला टांगलेला होता. मुलगी त्यात बाहुली झोपवायची.

ईदच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गावात पुळणीवर क्रिकेट असतं, लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे. त्या रजेतच माझंही लग्न झालं होतं, म्हणून मी भाईच्या बाजूला. त्याला सगळे नको म्हणत असताना तो बॅटिंगला आला, डाव्या हातात बॅट धरून. समोरच्या टोकाला मी होतो. मला मनातून फार बरं वाटलं. दोन वर्षं जो शब्द माझ्या गळ्यात अडकून होता तो म्हणायची वेळ आली असं वाटलं.

त्यानं एका हातानं चेंडू बाजूला ढकलला. ओल्या वाळूवरून चेंडू हळू निघाला, धाव सहज होती. मी सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात 'ये' म्हणून ओरडलो आणि पळत सुटलो.

भाई जागचा हलला नाही. तो माझ्याकडे बघतच नव्हता. चेंडूकडे बघत होता, डोळे बारीक करून, आणि त्यानं तो वाकडा हात कोपरापासून वर उचलून मला थांब म्हणून खूण केली. मी अर्ध्या वाटेवरून परत फिरलो.

पुढचा प्रत्येक चेंडू त्यानं स्वतः बघून ठरवला. मी ओरडायचं बंद केलं. तो म्हणेल तेव्हा पळालो आणि तो म्हणेल तेव्हा थांबलो. सामना आम्ही जिंकलो की हरलो ते मला आठवत नाही. माझी रजा संपली, मी कुवेतला परत गेलो, रुपये जाऊन दिनार आले तरी तिथेच राहिलो. भाई मचव्यावर रांधत असतानाच एका पावसाळ्यात तापानं गेला. तार मला आठव्या दिवशी मिळाली, आणि मी तेव्हा लांबच्या साइटवर होतो म्हणून ती यार्डातल्या नव्या टायपिस्टनं मला फोनवर वाचून दाखवली.